शुगर नॉर्मल, बाकी बघू : लॅबमधल्या एका एक्सेल शीटच्या नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, नाहीतर नंतर कुठला आकडा कुठून आला तेच आठवत नाही. प्रोजेक्ट म्हणजे काय फार मोठं प्रकरण नाही. सांगलीत विश्रामबाग साइडला आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब, मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून इथंच चिकटलो त्याला अकरा वर्षं झाली. लॅबच्या मॅडमना विचारून मागच्या काही महिन्यांतले असे रिपोर्ट बाजूला काढतोय ज्यात उपाशीपोटीची शुगर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) एकाच माणसाचं एकाच दिवशीचं आहे. नाव, मोबाइल नंबर सगळं उडवलं, फक्त वय, बाई का पुरुष, आणि आकडे. बघायचं एवढंच की शुगरसमोर नॉर्मल लिहिलंय त्याच कागदावर इन्सुलिन रेझिस्टन्सच्या, म्हणजे शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झाल्याच्या, खुणा आधीच बसलेल्या असतात का.

कारण खरं सांगायचं तर मामा. गेल्या दिवाळीच्या आसपास मिरजेला स्टेंट बसवला, वय ४४. घरी फाइल चाळताना तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट सापडला (आमच्या लॅबचा नव्हे, पण आमचा असता तरी काय वेगळं झालं असतं असं वाटत नाही), शुगर ९४, टीजी (ट्रायग्लिसराइड, रक्तातली चरबी) २६०, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ३२, एलडीएल (वाईट म्हणतात ते) १०८. शुगरपुढं पेनानं बरोबरची खूण. मामी तो कागद देवघरात ठेवायचीच बाकी होती, शुगर नाही म्हणजे घरात काही नाही. २६० ला ३२ नं भागलं की ८ च्या वर जातं, आणि हा आकडा जितका मोठा तितकी शंका जास्त. हा भागाकार कुणीच केला नाही, आणि मी तर रोज असले आकडे टाइप करतो.

७ जानेवारी

शीटचे कॉलम टाकले. पहिला टीजी भागिले एचडीएल, हा सोपा, फुकटचा. दुसरा टीवायजी इंडेक्स, ज्यात इन्सुलिन मोजायलाच लागत नाही, टीजी आणि उपाशीपोटीची शुगर गुणायची, दोननं भागायचं आणि त्याचा नॅचरल लॉग घ्यायचा. २००८ ला मेक्सिकोतल्या लोकांनी हे काढलं, जिथं इन्सुलिनची टेस्ट परवडत नाही तिथं चालावं म्हणून, म्हणजे आपल्यासाठीच म्हणा की.

इथं अर्धा दिवस गेला. मामाचे आकडे टाकले तर उत्तर ४.०९ आलं आणि मी म्हणलं अरे हे तर फारच कमी, मामा एकदम ठणठणीत. मग कळलं की एक्सेलमध्ये नुसतं लॉग लिहिलं की ते दहाच्या पायाचं लॉग घेतं, एलएन लिहायला पाहिजे. एलएन घातल्यावर ९.४१. त्यात अजून एक भानगड, काही जण दोननं आत भागतात आणि काही जण लॉग घेऊन झाल्यावर बाहेर भागतात, दोन्ही सूत्रं छापलेली सापडतात, एकाची उत्तरं आठ-नऊच्या घरात आणि दुसऱ्याची चार-पाचच्या. कुणाची लिमिट कुणाच्या सूत्राला लावली की झालाच गोंधळ. मी शीटच्या वर लाल अक्षरात लिहून ठेवलंय, भागाकार आत.

१० जानेवारी, शुक्रवार

तासगाव साइडच्या कॅम्पचे रिपोर्ट शीटमध्ये घेतले तर त्या गावात सगळ्यांची शुगर इतकी छान की मला गाव बदलून तिकडं राहायला जावंसं वाटलं. ८२, ७९, ८६, ८४. टीजी मात्र सगळे दोनशेच्या पुढं. असं कसं?

ताईंना विचारलं (कलेक्शन त्या करतात, मला सीनियर), तर म्हणाल्या, त्या दिवशी ग्रे टोपीच्या ट्यूब (आत फ्लोराइड, साखर टिकवायला) संपल्या होत्या, साध्या ट्यूबमध्ये घेतलं, आणि गाडी यायला उशीर झाला. झालं, तिथंच सगळं आलं. रक्त ट्यूबमध्ये गेलं तरी लाल पेशी जिवंतच असतात, त्या बसल्या बसल्या साखर खात राहतात, साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के. तीन तास बाइकच्या डबड्यात हिंडलेलं रक्त असेल तर १०४ ची शुगर ८६ होऊन येते. १०० च्या वर प्रीडायबेटिसमध्ये गेला असता तो माणूस नॉर्मलचा कागद घेऊन घरी.

खोटं वाटू नये म्हणून माझंच रक्त काढलं. तीन ट्यूब. एक साधी, तशीच ठेवली. एक फ्लोराइडची, ग्रे टोपीवाली. एक जेलची, वीस मिनिटांत सेंट्रिफ्यूज मारून (गरगर फिरवून) सीरम, म्हणजे पेशी खाली बसल्यावर वर राहणारं पाणी, वेगळं काढलेलं. सुरुवातीला ९८. तीन तासांनी साधी ८३, फ्लोराइड ९५, जेलची ९८ ची ९८. मला वाटायचं फ्लोराइड घातलं की काम तमाम, पण तसं नाही, ते साखर जाळायच्या साखळीतल्या बऱ्याच खालच्या एका एन्झाइमला अडवतं, वरची मंडळी पहिला तास-दीड तास खातच राहतात. त्यामुळं ग्रे टोपी पाहिजेच पण तिच्या भरवशावर दुपारपर्यंत लोळत बसायचं नाही.

कॅम्पच्या सगळ्या ओळींना पिवळा रंग दिला आणि हिशोबातून बाहेर काढलं. मॅडम म्हणाल्या त्या लोकांना परत बोलवा, फुकट करून देऊ. हे त्यांचं मला आवडतं.

१४ जानेवारी

संक्रांत. सकाळी मोजून चार पेशंट, त्यातल्या दोघांनी आधी मला तिळगूळ दिला आणि मग दंड पुढं केला. तुम्ही खाल्लात का म्हणलं तर नाही नाही, फक्त एक वडी.

१७ जानेवारी, शुक्रवार

संकष्टी. आज मोठा शोध लागला, म्हणजे अकरा वर्षं डोळ्यासमोर असलेला. आपल्याकडं उपाशीपोटी आणि उपवास हे लोकांच्या डोक्यात एकच आहे. एक काकू आल्या, उपाशी आहात का, हो हो, आज कडक संकष्टी. म्हणलं काहीच खाल्लं नाही ना, तर म्हणे छे, सकाळी थोडी साबुदाण्याची खिचडी आणि दूध. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, ताटलीभर खिचडीवर घेतलेली शुगर उपाशीपोटीची म्हणून छापली असती.

मग दिवसभर प्रश्नच बदलला. उपाशी आहात का हे विचारायचंच नाही, रात्री शेवटचं काय खाल्लं, किती वाजता, आणि उठल्यापासून तोंडात काय काय गेलं असं विचारायचं. उत्तरं ऐका. नुसता चहा. नुसता कोरा चहा. गुळाचा चहा, साखर नाही घातली. मिश्री लावली, ती चालते ना? रात्री अकराला हुरडा पार्टीवरून आलो, मटण होतं, पण सकाळपासून पाणी पण नाही. आणि एकजण हळू आवाजात, मॅडम नाहीत ना, रात्री थोडी घेतली होती.

गुळाच्या चहाचं मला विशेष वाटतं. आपला भाग उसाचा, गुळाबद्दल लोकांच्या मनात माया आहे, गूळ म्हणजे औषध. पण रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर आपापली ओळख सांगत बसत नाहीत. आणि आदल्या रात्रीच्या दारूनं टीजी चांगलाच वर जातो, म्हणजे माझ्या भागाकाराचा वरचा आकडाच खोटा. दहा-बारा तास पोट रिकामं, पाणी चालेल, बाकी काही नाही, असा बोर्ड करून दाराला लावला. साबुदाणा पण नाही हे मुद्दाम खाली वेगळ्या ओळीत.

२० जानेवारी, सोमवार

नुसत्या भागाकारावर किती विश्वास ठेवायचा म्हणून थोड्या जणांचं उपाशीपोटीचं इन्सुलिन पण करायचं ठरलं, पहिला बकरा मी. आमच्याकडं ते मशीन नाही, सीरम बाहेरच्या मोठ्या लॅबला जातं.

पहिलं सॅम्पल वाया गेलं. सुई बारीक, त्यात मी हात हलवला, सीरम गुलाबी झालं. शुगर-लिपिडला थोडं गुलाबी असेल तर आपण कधीकधी डोळेझाक करतो पण इन्सुलिनला ते चालत नाही, लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एन्झाइम बाहेर येऊन इन्सुलिनच फस्त करतं आणि रिपोर्ट छान कमी येतो. परत टोचून घेतलं.

संध्याकाळी रिपोर्ट, इन्सुलिन ९७.२, शुगर ९७. होमा-आयआरचं (इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा) सूत्र शीटमध्ये तयार होतंच, इन्सुलिन गुणिले शुगर भागिले ४०५. उत्तर २३.३. मी खुर्चीत बसलो. २३ म्हणजे काय, मामाच्या शेजारच्या बेडची तयारी. ताईंनी पाणी दिलं. मग मॅडमनी चष्मा लावून कागद बघितला आणि म्हणाल्या, अरे युनिट बघ. पिकोमोल प्रति लिटर. बाहेरच्या लॅबनं मधेच युनिट बदललं होतं, कुणाला कळवलं नव्हतं. सहानं भागल्यावर १६.२, आणि होमा ३.८८. २३ नाही म्हणून इतका आनंद झाला की ३.८८ पण चांगलं नाही हे रात्री जेवताना लक्षात आलं.

हे सूत्र १९८५ चं, ऑक्सफर्डच्या लोकांचं. पुस्तकात भागायला २२.५ दिसतं, ते शुगर मिलिमोलमध्ये असेल तर, आपल्या मिलिग्रॅमसाठी त्याला १८ नं गुणून ४०५. खरी परीक्षा म्हणजे १९७९ ची क्लॅम्प पद्धत, एकीकडून शिरेतून इन्सुलिन सोडायचं, दुसरीकडून ग्लुकोज, आणि शुगर एका आकड्यावर धरून ठेवायला किती ग्लुकोज ओतावं लागतं ते तासन्‌तास मोजायचं. जितकं कमी लागेल तितकं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. ते आपल्या विश्रामबागेत होणार नाही, म्हणून हे हिशोब.

गंमत अशी की त्या रिपोर्टवर १६.२ समोर नॉर्मलच छापलं होतं, हद्द २५ च्या आसपास. होमा २.५ च्या वर गेला की बरेच जण कान टवकारतात, पण एका कंपनीच्या मशीनवरचं इन्सुलिन दुसऱ्याच्या मशीनशी जुळत नाही, त्यामुळं २.५ काही दगडावरची रेघ नाही. माझा टीजी १७२, एचडीएल ३८, भागाकार ४.५. शुगर ९७, नॉर्मल. बरोबरची खूण.

२४ जानेवारी

एका कॉलेजच्या मुलीचं इन्सुलिन फारच कमी आलं, मानेवर काळपट मखमलीसारखा पट्टा स्पष्ट दिसतोय तरी. खोदून विचारलं तर केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू. काही मशीनमध्ये टेस्टच बायोटिनच्या जोडणीवर चालते, पोटात जास्त बायोटिन असेल तर इन्सुलिनसारख्या टेस्टचा आकडा खाली घसरतो. गोळ्या थांबवून काही दिवसांनी परत यायला सांगितलं. त्या मानेच्या पट्ट्याला तिची आई रोज खसाखसा घासते, मळ म्हणून. तो मळ नसतो, इन्सुलिन जास्त असल्याची खूण असते बऱ्याचदा, एवढं मात्र मी आईला सांगितलं.

२९ जानेवारी, बुधवार

दुपारी काम कमी होतं. ताई म्हणाल्या, साखरेच्या आजारात चरबीचा आकडा का बघायचा ते मला एकदा नीट सांग, मी पेशंटला काय सांगू. माझी पण उजळणी.

इन्सुलिनचं एक काम सगळ्यांना माहीत आहे, साखर पेशीत घ्यायला लावणं. दुसरं काम लोक विसरतात, चरबीच्या पेशींना सांगणं की तुमचा माल आत ठेवा, सोडू नका. शरीर ऐकेनासं झालं की स्वादुपिंड आवाज वाढवतं, जास्त इन्सुलिन सोडतं, त्यामुळं शुगर कितीतरी वर्षं नॉर्मल राहते. पण चरबीच्या पेशी गळतच राहतात, तो माल लिव्हरकडं जातो, लिव्हर त्याची टीजीनं भरलेली पोती बांधून रक्तात पाठवतं, त्यांना व्हीएलडीएल म्हणायचं. इथं टीजी वाढला. मग मार्केट यार्डात जसा अडत्या असतो तसं रक्तात सीईटीपी नावाचं एक प्रोटीन असतं, ते अदलाबदल करतं, टीजी या पोत्यातून काढून एचडीएल आणि एलडीएलच्या पोत्यात टाकतं आणि बदल्यात कोलेस्टेरॉल घेतं. टीजी भरलेलं एचडीएल टिकत नाही, लवकर मोडून जातं, म्हणून एचडीएल कमी. आणि एलडीएलच्या पोत्यातला टीजी पुढं काढून घेतला जातो आणि ती पोती लहान, घट्ट होतात.

ताईंचं माहेर हळदीच्या व्यापारातलं, त्यांनी पुढचं आपणहून सांगितलं. म्हणाल्या, म्हणजे वजन तेवढंच पण पोती जास्त. अगदी तेच. रिपोर्टवरचं एलडीएल म्हणजे आतल्या कोलेस्टेरॉलचं वजन. मामाचं १०८, वजन काही वाईट नाही. पण लहान पोत्यांत भरलं असेल तर पोती किती झाली? रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात ती पोती, वजन नाही. प्रत्येक पोत्याला एकच चिठ्ठी असते, तिचं नाव एपोबी, चिठ्ठ्या मोजल्या की पोती मोजली. २००४ ला ५२ देशांत पहिला हार्ट अटॅक आलेल्यांचा मोठा अभ्यास झाला, इंटरहार्ट, त्यात धोक्याच्या कारणांत एपोबी आणि एपोए१ (एचडीएलवरची चिठ्ठी) चं प्रमाण सगळ्यात वर आलं होतं. आणि आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना तो पहिला झटका बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो हे पण त्यातूनच.

एपोबी परवडत नसेल तर टोटलमधून एचडीएल वजा करायचं, नॉन-एचडीएल, सगळ्या वाईट पोत्यांचं एकत्र वजन. त्याला पैसे पडत नाहीत.

३ फेब्रुवारी, सोमवार

शीटमध्ये एक ओळ : टोटल २१०, एचडीएल ३०, टीजी ५२०, एलडीएल ७६. एलडीएलसमोर हिरवा रंग, उत्तम! सीरम मात्र दुधासारखं पांढरं होतं, मला आठवतंय, ताईंनी फोटो काढला होता. हे एलडीएल मोजलेलं नव्हतंच, १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रानं काढलेलं, टोटल वजा एचडीएल वजा टीजीचा पाचवा भाग. टीजी ४०० च्या वर गेला की हे सूत्र वापरायचं नाही हे आम्ही परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत, पण सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं नव्हतं. त्याच माणसाचं नॉन-एचडीएल १८०. आता सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून ४०० वर कुलूप घालून घेतलं, तो म्हणाला याचे वेगळे पैसे होतील.

८ फेब्रुवारी, शनिवार

बारीक माणसांचा प्रश्न. वडापची गाडी चालवणारा एक जण, वय ३६, बीएमआय (उंचीच्या हिशोबानं वजन) २२, शर्ट अंगावर लटकतोय, भागाकार ५ च्या पुढं. तो म्हणतो माझ्यात काय सापडणार, मी तर सडपातळ. टेप लावली, पँट जिथं घालतो तिथं नाही, बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध, ९२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही हद्द.

मॅडमनी मग पुण्याच्या केईएमच्या डॉ. याज्ञिकांचा तो प्रसिद्ध फोटो दाखवला, २००४ ला लॅन्सेटमध्ये आलेला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक लंडनचे युडकिन आणि एक याज्ञिक, दोघांचा बीएमआय २२.३. अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काटा दोघांना सारखंच सांगतो. गाडीवाल्याला फोटो दाखवला तर म्हणाला, हे दोघं पण बारीकच आहेत की. म्हणलं तेच तर सांगतोय.

१२ फेब्रुवारी

एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) चा कॉलम पण जोडला होता, आज निम्मा काढून टाकला. एका बाईचं ६.२, शुगर ९२, टीजी ९०, काहीच जुळेना. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) बघितलं तर हिमोग्लोबिन ८.१. लोह कमी असलं की लाल पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि एचबीए१सी उगाच वर दिसतं. आपल्याकडं बायकांच्यात अॅनिमिया किती आहे ते मी सांगायला नको. आता सीबीसी नसेल तर एचबीए१सी धरत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मीटिंग, म्हणजे मी, मॅडम, ताई आणि भडंग. मुद्दा असा की हा भागाकार रिपोर्टवर छापायचा का. माझं म्हणणं, छापा, ३ च्या वर लाल. मॅडम नाही म्हणाल्या. तो ३ चा आकडा २००३ च्या अमेरिकेतल्या अभ्यासातला, वजन जास्त असलेल्या लोकांवरचा, आणि तिथल्याच कृष्णवर्णीय लोकांत हा भागाकार नीट चालत नाही हे नंतर दिसलं, मग सांगलीतल्या वडापवाल्याला तोच आकडा लावून लाल शाई कशी करायची? मला राग आला होता, पण त्यांचं खरं होतं. आमच्याच शीटमध्ये, चहा प्यालेले, उशिरा आलेले, दुधाळ, हे सगळे काढून टाकल्यावर सुरुवातीच्या ओळींतल्या कितीतरी उडाल्या. माझा सगळा महिना आकडे मिळवण्यापेक्षा आकडे खोडण्यात गेलाय.

ठरलं ते असं : नॉन-एचडीएल छापायचं. टीजी १५० च्या वर आणि एचडीएल पुरुषांत ४० खाली, बायकांत ५० खाली असेल तर शुगर नॉर्मल असली तरी खाली एक ओळ, कंबर आणि बीपी मोजून डॉक्टरांना दाखवा. त्याच्यावर एका डॉक्टरांचा फोन आलाच, पेशंटला उगाच घाबरवू नका म्हणून. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि ओळ तशीच ठेवली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मामाचा लायपोप्रोटीन लिटल ए (एलडीएलसारखंच, पण वेगळं एक वाईट पोतं) चा रिपोर्ट आला. ८४ मिलिग्रॅम, ५० च्या वर म्हणजे जास्त. हे आईबापाकडून येतं, खाण्यापिण्यानं फारसं हलत नाही, जन्मात एकदा केलं तरी चालतं. म्हणजे मी दीड महिना ज्या भागाकाराच्या मागं धावतोय त्यात मामाचा हा अर्धा हिशोब येतच नव्हता. एकाच माणसात दोन्ही निघालं, वर तंबाखू. मामीला फोनवर सांगितलं तर पहिला प्रश्न, पण शुगर नॉर्मल आहे ना?

मुलाची पण करून घ्या म्हणलं, तो एकोणीसचा. आला लगेच संध्याकाळच्या आत, वालचंदला आहे, गाडी काढून थेट. काय काय खाल्लंस म्हणलं तर वडापाव आणि गुळाचा चहा. लिटल ए ला उपाशी लागत नाही म्हणून त्याची ट्यूब घेतली. शुगर आणि लिपिडची घेतली नाही, उद्या साडेसातला ये म्हणलं. दादा, गुळाचा चालतो ना, असं विचारून गेला. ग्रे टोपीच्या ट्यूबची दोनच पाकिटं राहिलीत, सकाळी मागवायच्या.